आभारपत्रातला बाप

हे मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. माझे बाबा दारू पीत नव्हते. पितात, असं मी लिहून दिलं.

सातवीत होतो. आम्ही हिंदी मुलखात, घमापुरात राहायचो, बाबा फॅक्टरीत मजूर. माझी फी एक संस्था भरायची. वर्षातून एकदा देणगीदारांना आभारपत्र लिहावं लागे. संस्थेच्या दीदी म्हणाल्या, "थोड़ा दुख डालो बेटा. सूखी चिट्ठी कौन पढ़ेगा?" मजकूर त्यांनीच फळ्यावर लिहिला. मी उतरवला.

कार्यक्रमात तेच पत्र मी माइकवरून वाचलं. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. देणगी देणाऱ्या शेठाणीबाई स्टेजवरून खाली आल्या. "अब तो छोड़ दो भैया. बच्चा इतना होशियार है." टाळ्या. बाबा उभे राहिले, हात जोडले. "जी," म्हणाले. माझी फी बंद होऊ नये म्हणून कधी थेंब न घेतलेल्या माणसानं भरल्या हॉलमध्ये दारू सोडायचं कबूल केलं.

घरी येताना एवढंच विचारलं, "काहून लिहिलं रे तसं?"

ते पुन्हा माझ्या शाळेत कधी आले नाहीत. आता तर ते जगातच नाहीत.

आणि मी काय केलं? मास्तर झालो. गोहलपुरात, देणगीवरच चालणाऱ्या वर्गात. बारा वर्षं तसाच मजकूर फळ्यावर लिहिला. पोटासाठी केलं म्हणू? नाही. सवयीनं केलं.

यंदा एक मुलगी पेन ठेवून उभी राहिली. पंक्चरवाल्याची पोर.

"सर, मेरे पापा नहीं पीते."

"सब लिख रहे हैं ना. लिख दे."

"आपके पापा पीते थे क्या?"

वर्ग खिदळला.

"नहीं," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्यानं.

फळा पुसला. संस्थेच्या साहेबांना तिथूनच फोन लावला. ही पत्रं जाणार नाहीत.

"और फंडिंग रुक गई तो?"

"बच्चे क्या सीखे, वो आकर देखो. उस पर देना हो तो दो. बाप की इज़्ज़त बेचकर नहीं पढ़ाऊंगा."

साहेबांनी फोन ठेवला. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही.

बारा वर्षांतल्या पोरांचे बाप याच गल्ल्यांत आहेत. कुणी शिवणयंत्रावर, कुणी ठेल्यावर. आपल्या नावावर काय लिहिलं गेलं, त्यांना पत्ताच नाही. एकेकाच्या दारात जाऊन मी ते वाक्य न् वाक्य सांगणार आहे. शिव्या देतील, देऊ देत. अजून एकाही दारात गेलेलो नाही. त्या प्रत्येक बापाची माफी मागायची राहिली आहे.