डोंगरच्या पाठीवरचे वळ

आमच्या त्वचारोग विभागात त्याला सगळे डोंगर म्हणायचे. कत्तलखान्यात कामाला. वजनकाट्यावर उभा राहिला की काटा कुरकुरायचा. सोरायसिसच्या नव्या इंजेक्शनची चाचणी चालू होती, तिच्यासाठी तो दर पंधरा दिवसांनी यायचा आणि मी त्याच्या अंगावरचे चट्टे मोजायचे. खरं औषध कुणाला आणि नुसतं पाणी कुणाला, हे आम्हा नर्सनाही ठाऊक नसतं. पण डोंगरला खरं औषधच मिळत होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. चौथ्या सुईनंतर त्याचे तळहात साफ झाले.

फुटलेल्या हातांनी मांसाला शिवायचं नाही, म्हणून मुकादमाने त्याची सुरी काढून घेतली होती आणि दोन वर्षं कातडी खारवायच्या हौदावर उभं केलं होतं. उघड्या भेगांत मीठ. "सिस्टर, बैल एकदाच ओरडतो," तो म्हणाला होता, "मी रोज आठ तास." आता सुरी परत मिळाली होती. बैलाची मान कुठे कापली की रक्त एका धारेत येतं, हे तो इतक्या आनंदाने सांगायचा की दुपारी माझा घास खाली उतरत नसे.

पाचव्या भेटीला सदरा काढला, तर चट्टे ओसरून उघड्या पडलेल्या पाठीवर सहा वळ. काळेनिळे, एक तर फुटलेला.

"हे काय?"

"धडपडलो."

"सहा वेळा?"

तो सदरा पुन्हा अंगात घालू लागला. आमच्याकडे माणसाचं पुढून-मागून चित्र छापलेला कागद असतो. अंगावरची प्रत्येक नवी खूण त्यावर काढायची आणि कारण लिहायचं. कारण कळलं नाही तर खापर औषधावर, आणि औषध बंद. सहाव्या भेटीला नऊ वळ निघाले, तेव्हा तो बोलला.

"बाबा मारतात."

बाबा म्हणजे पंचाहत्तरीचा काटकुळा म्हातारा, त्याच कत्तलखान्यातून निवृत्त झालेला. पोरगा लहानपणी खाजवायला लागला की हा कमरेचा पट्टा काढायचा. "खाजव आता!" पट्टा बसला की तिथेच नवा चट्टा उठायचा, सोरायसिसची ती खोडच आहे. मग पुन्हा खाज, पुन्हा पट्टा. "वाटलं होतं, बरा झालो की थांबतील," डोंगर म्हणाला. बैल लोळवणारा बेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि अजूनही त्या म्हाताऱ्यापुढे पाठ करून उभा राहायचा. मला कीव नाही आली, संताप आला.

"लिहू नका, सिस्टर. बापाची बदनामी नको."

मी तडकले. "मग ऐका, दादा. कारण लिहायचं नाही, तर पुढच्या वेळी एक जरी नवा वळ दिसला तरी औषध बंद. वळ थांबवा, नाहीतर सुई थांबेल. तुम्हीच ठरवा."

नियमाला धरूनच बोलले होते मी.

सातव्या भेटीला तो बरोबर नऊला आला आणि स्वतःहून पाठ फिरवली. जुने वळ पिवळे पडले होते, नवा एकही नव्हता. मी खूश होऊन कागद ओढला आणि त्याचा उजवा हात पाहिला. पेरं फुटून सुजली होती, नखांत रक्त वाळलं होतं.

"कामावर लागलं?"

"नाही. काल बाबांनी पट्टा काढला. मी हात जोडले, म्हटलं, बाबा, नको, औषध बंद होईल. ते हसले. मग मी एक ठेवून दिली. दात पडले त्यांचे. तरी शिव्या देत होते. मग मला थांबताच येईना."

"कुठे आहेत ते?"

"इथेच वर, तिसऱ्या मजल्यावर. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस काढणार नाहीत."

दाराबाहेर दोन पोलीस उभे होते. त्याला दहा मिनिटं दिली होती म्हणे.

 ठरवा असं मीच सांगितलं होतं, आणि त्याने ठरवलं होतं. त्याने बाही वर केली. मी सुई दिली.

"सिस्टर," दंडावर कापूस दाबत त्याने विचारलं, "पुढची सुई तिकडे आत येऊन द्याल ना? हात पुन्हा फुटायला नकोत."

मी हो म्हणाले. तुरुंगातला माणूस चाचणीत ठेवत नाहीत, हे मला माहीत होतं.