माजिवड्याचे बैल

माजिवड्याचा तो गाडीवान रोज संध्याकाळी आमच्या दारावरून सुसाट जाई. म्हणून मुंबईला परीक्षेला जायच्या दिवशी आगगाडी गाठायला मी त्याचीच गाडी केली. विषय पदार्थविज्ञान, चाल आणि वेग यांतला फरक मला काही केल्या उमगत नव्हता.

बैल मात्र रमतगमत निघाले. हा तंबाखू मळत बसलेला.

"अरे, संध्याकाळी तर उधळतात!"

"आतापण पळतील, भाऊसाहेब. फकस्त तोंड घराकडं फिरवायला लागंल."

नौपाड्यापाशी इंजिनाची शिट्टी ऐकू आली. बैल बुजून माघारी वळले आणि वाऱ्यासारखे सुटले.

"थांबवू का?" कासरा ओढत तो ओरडला.

परीक्षा बुडाली, त्याचा दोष मी आजवर बैलांनाच देत आलो. खरं तर तेव्हा हायसं वाटून मीच म्हणालो होतो, "राहू दे, छान पळतायत."