पोलादी चिमटा

प्रयोगशाळेतल्या काकांना माणसं मुळात आवडतच नसत, आणि शिकलेली तर डोक्यात जात. नवा संशोधक आला की ते म्हणत, "आले शहाणे. स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो ते आधी विचारा यांना." अतिथंड यंत्रात नमुने बसवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. आपल्याइतका स्वच्छ हात जगात कुणाचा नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. संशोधन चालवणाऱ्या मॅडमनी मुद्दाम आणलेले प्लास्टिकचे चिमटे, "भातुकलीला ठेवा," म्हणून त्यांनी खणात ढकलले आणि वडिलांचा पोलादी चिमटाच चालू ठेवला.

मॅडमचं काम असं: एका अतिशय पातळ थरात इलेक्ट्रॉन पळत असतात. थर ओबडधोबड असला की काही खळग्यांत अडकून बसतात. अडकलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्या 'स्पिन' या अंगभूत गुणामुळे एक इवलंसं चुंबक होतो. शेजारची चुंबकं सहसा एकमेकांच्या उलट तोंडं करतात. या नमुन्यात मात्र सगळ्यांची तोंडं एका दिशेला दिसत होती. मॅडम आठवडाभर हवेत होत्या. सोमवारी पेपर पाठवायचा होता.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," काका पुटपुटले. शुक्रवारी यंत्राची थंडी बंद केल्यावरही त्यांनी मोजणी चालू ठेवली, ती निव्वळ मॅडमची फजिती बघायला. थंडी गेली की इलेक्ट्रॉनांची एकी मोडायलाच हवी. नमुना खोलीइतका गरम झाला, तरी चुंबकत्वाचा आकडा ढिम्म हलेना. असं वागतं ते लोखंड. आता बाईंची चांगली जिरणार, म्हणून काका खूश झाले आणि त्यांनी नमुना भिंगाखाली धरला.

कडेला ओरखडा होता, चिमट्याच्या टोकाएवढा. त्यात एक कण चकाकत होता.

गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. जन्मभर दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधणाऱ्या या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची किळस आली.

"काय काका, आज कुणाची चूक काढलीत?" मॅडमनी विचारलं.

काकांनी आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यावर चिमटा. "एका अडाण्याची. तीस वर्षं इथंच आहे. कुणी हाकललं कसं नाही, नवलच."

मॅडमनी कागद दोनदा वाचला. मग उठून त्यांनी खण उघडला आणि प्लास्टिकचा चिमटा काकांच्या हातात दिला.

"सोमवारी नवा नमुना बसवा," त्या म्हणाल्या. "तुमच्याच हातानं."

चार शिव्या घातल्या असत्या, तर काकांना सोसल्या असत्या.