मिस्त्रीच्या काठीला बोली

आमच्या चिखलीतला स्नूकरचा क्लब बंद पडून बरीच वर्षं झाली, पण त्याचे किस्से काही बंद होत नाहीत. जुन्यांपैकी दोघं जरी चहाला भेटलो, तरी एकानं एक काढायचा अवकाश, की पुढचे आपोआप निघतात. बायको म्हणते, "पँटीला कुसळं चिकटावी तसे चिकटलेत तुम्हाला!" खरंय. आणि ती कुसळं काढून टाकावीत असं मला अजून वाटलेलं नाही.

क्लब म्हणजे काय, तर बियाण्याच्या दुकानावरच्या माडीवर दोन टेबलं. तेव्हा बीटी कापसाचं बियाणं नवंनवं होतं. मोसमात पाकिटांसाठी रस्त्यापर्यंत रांग लागायची आणि आमचा जिना नेमका त्या रांगेच्या पलीकडे. काळी लांब पेटी खांद्याला लावून दिनू मास्तर रांगेत घुसले की लोक ओरडायचे, "ओ मास्तर, नंबरानं या!" मास्तर रोज तेच सांगायचे, "मी बियाण्याले नाही, खेळाले चाललो!"

एकदा एका म्हाताऱ्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाला, "पेरनीच्या दिवसात खेळाले? मंग तर मास्तरच असन!"

*

चांगली काठी, म्हणजे क्यू, आमच्या गावात कुठली मिळायला! माझं झेरॉक्स-इंटरनेटचं दुकान होतं. तिथे मला विलायतेतल्या लिलावाची एक साईट सापडली. हातानं बनवलेल्या, जुन्या, कुणाकुणाच्या हातातून गेलेल्या काठ्या... फोटो बघूनच आम्ही खुळे झालो.

पहिली काठी आली, तेव्हा पोस्टमननं ती माझ्या काउंटरवर आपटली. "काऊन भाऊ, काठी मांगवाले इंग्लंडच भेटलं? वावराच्या धुऱ्यावरच्या बाभळी मेल्या का?"

*

या लिलावातले आमचे सेनापती गोविंदशेठ. कापसाचे व्यापारी. बाजार समितीच्या यार्डात बोली लावण्यातच त्यांची हयात गेलेली. तिथला त्यांचा एक कायदा होता : माल आवडला की मालाकडे बघायचं नाही! बैलांकडे बघायचं, आभाळाकडे बघायचं आणि नाक खाजवत बोली लावायची.

शेठनी हाच कायदा कॉम्प्युटरला लावला. माझ्या दुकानात भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि मला सांगायचे, "लाव, वाढव थोडी." मी म्हणायचो, "शेठ, अहो, तिकडून तुम्ही कोणाला दिसत नाही!"

"तुले का मालूम? या मशीनचा भरोसा नाही!"

एकदा एक सुंदर काठी शेवटच्या पाच मिनिटांवर आली होती. बोली आमचीच वर. शेठ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. आणि लाईट गेली! भारनियमन. दोन तासांनी लाईट आली, तोवर काठी दुसऱ्याची झाली होती. शेठ तडक लाईनमनच्या घरी. "तुह्यामुळे माह्यी विलायतेची काठी गेली!"

लाईनमन जेवत होता. शांतपणे म्हणाला, "शेठ, मी चिखलीचं फिडर बंद केलं होतं. विलायतेचं नाही!"

*

लिलावात भाव ठरल्यावरही, माल उतरताना काहीतरी खोट काढून थोडा भाव कापायचा, याला आमच्या बाजारात कट्टी म्हणतात. कट्टी न लावता शेठनी आयुष्यात काही घेतलं नसावं. काठी जिंकली, घरी आली, तर म्हणाले, "बुडाले ओरखडा हाय. कट्टी मांग!"

मी इंग्रजीत कट्टी समजावली. तीन परिच्छेद लागले. विकणारा तिकडचा कुणी म्हातारा होता. त्याचं उत्तर आलं की अशी पद्धत त्याला माहीत नव्हती, पण आवडली. पंधरा दिवसांनी पाकीट आलं. आत काठीच्या टोकाला घासायच्या निळ्या खडूचे दोन तुकडे, म्हाताऱ्याकडून भेट!

शेठनी ते सगळ्या क्लबभर फिरवले. "पाह्यलं? मांगितल्याबिगर भेटत नाही!"

*

मास्तरांची काठी मात्र वाटेतच वाकून आली. मास्तर रडकुंडीला आले. शेवटी आम्ही ती युसूफ मिस्त्रींकडे नेली. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. चाचा तिफणी, वखर, बैलगाड्या बनवायचे. बीटीचं महागडं बी लोक एकेक दाणा हातानं टोबू लागले, त्यामुळे कपाशीच्या तिफणी गोठ्यात टांगल्या गेल्या आणि चाचांचे हात रिकामे झाले.

चाचांनी एक डोळा मिटून काठी न्याहाळली. "मास्तर, याले बैल कोनते जुंपत होते?"

पण काठी त्यांनी सरळ केली. शेंड्याला वीट बांधून आढ्याला टांगली, रोज हात फिरवला. नंतर तर टोकाचं चामडं बसवणं, जोड घट्ट करणं, सगळं चाचांकडेच. विलायतेच्या काठ्या ते उलटसुलट करून बघायचे. एका काठीवर बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं. त्यावरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "आम्ही तिफनीवर कधी नाव नाही टाकलं बावा. कोनं वाचलं असतं?"

*

आणि मग चाचांनी स्वतःची एक काठी बनवली. मोडलेल्या वखराच्या धावड्याच्या लाकडाची, बुडाला तिफणीचा जुना शिसम. तीन महिने लागले. खाली बारीक अक्षरात कोरलं : युसूफ मिस्त्री, चिखली.

"हे तुह्या लिलावात लाव," मला म्हणाले. "पैशासाठी नाही. जिंदगीभर कापसाची बोली पाह्यली, बैलाची पाह्यली. माह्या हातच्या वस्तूवर कधी कोनी बोली लावली नाही. एकदा लागू दे."

मी फोटो टाकले. पहिला दिवस कोरा. दुसरा कोरा. चाचा रोज सकाळी येऊन स्टुलावर बसायचे. "लागली?" मी मान हलवायचो. तिसऱ्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना. ते गेल्यावर मी दुसऱ्या नावानं खातं उघडलं आणि स्वतःच बोली लावली.

तासाभरात माझ्यावर कुणाची तरी बोली चढली! मी वाढवली. परत चढली. चाचांना बोलावून दाखवलं, तर त्यांनी अख्ख्या क्लबला जिलबी वाटली. तेवढे गोविंदशेठ नव्हते, सरकीच्या कामानं नांदुऱ्याला गेले होते.

मी थांबलो. लिलाव संपला, घेणाऱ्याचा पत्ता आला. नांदुऱ्याची एक जिनिंग फॅक्टरी. शेठच्या मेव्हण्याची!

चाचांना एवढंच सांगितलं, "लय दूर चालली काठी, चाचा." त्यांनी ती शेतातल्या पाण्याच्या पाईपात कापूस कोंबून स्वतः बंद केली. पोस्टात देताना दोनदा थोपटली.

आठवड्यानं साईटवर घेणाऱ्याचा अभिप्राय आला. चाचा स्टुलावरच होते. "वाच, काय म्हंते विलायत?"

मी विचार न करता मोठ्यानं वाचून गेलो, "माल ओके. कट्टी नाही."

चाचा उठले, टोपी नीट केली आणि दारात थांबून म्हणाले,

"शेठले सांगजो, उन्हात गाडीत ठेवू नका म्हना. धावडा तडकते."