पप्पांचं ॲव्हरेज आणि चाकूरचा चढ

पेट्रोलचा वास आला की मला चाकूरच्या अलीकडचा तो रस्ताच आठवतो. दहावी झालेली, लातूरला क्लासची प्रवेश परीक्षा होती, आणि नंबर लागणारच म्हणून घरच्यांनी आमच्या एवढ्याशा गाडीत माझी गादी, कूलर, ज्वारीची गोणी आधीच कोंबलेली! न्हाई लागला तर हे सगळं परत न्यायचं, या भीतीनं मी नांदेडपासून नखं खात बसलेली. पप्पांनी कंपनीनं सांगितलेल्या ॲव्हरेजवर हिशोब करून नेमकं लातूरपुरतं पेट्रोल टाकलेलं. काटा लाल रेषेवर आला तसा त्यांनी एसी बंद केला. आई म्हणाली, "कंपनीनं रिकाम्या गाडीचं सांगितलंय हो, माझ्या गोणीसकट न्हाई," आणि गाडी थांबलीच! पंप समोर दिसत होता, पण चढावर. मी रडकुंडीलाच आले. पप्पा स्टेअरिंग धरून म्हणाले, "छोटी गाडी याच्यासाठीच घेतलीय, ढकलता येते!" मग आई, मी आणि एसटीची वाट बघत बसलेल्या दोन मावश्या, आम्ही अशी ढकलली की विचारू नका. "कुठं निघालीस गं?" "डॉक्टरीच्या क्लासच्या परीक्षेला!" "मग लाव की जोर, डॉक्टरीणबाई!" मावशी ओरडली अन् मी खदखदून हसले. पंपावर पेट्रोल भरलं आणि वेळेवर पोचलो. पेपर हातात आला तेव्हा ड्रेस अजून घामानं ओला होता, दंड दुखत होते, पण भीती पार पळालेली. नंबर लागला! आता मेडिकलला हाय, आणि अजूनही पेपरच्या आधी हॉस्टेलला एक चक्कर पळून येते. मैत्रिणी म्हणतात, येडी हाय ही. हाय तर हाय!