व्याह्यांचे पणजोबा

त्या वर्षी थँक्सगिव्हिंगचं जेवण आमच्या व्याह्यांच्या फार्मवर होतं. कॅनडात, कनाटा उपनगरातल्या आमच्या घरापासून दीड तासावर, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी त्यांच्या दुभत्या गाई आहेत. नदीपलीकडे अमेरिका. आमची लेक त्या घरात दिली, तेव्हापासून वर्षातून तीन-चारदा आमचं जाणं होतं.

नातीला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला होता. माझ्या बाजूची पाच पिढ्यांची नावं मी सांगितली, तिने ती इंग्रजीत लिहून घेतली. मग ती व्याह्यांच्या बाजूकडे वळली. त्यांच्या आजोबांपर्यंत सगळं भराभर झालं. आजोबांच्या वडिलांचं नाव विचारलं, तेव्हा व्याह्यांची थोरली बहीण म्हणाली, "तो चौकोन रिकामा ठेव." बाई ऐंशीच्या पुढच्या, आयुष्यभर गावच्या शाळेत मास्तरीण. त्यांच्यापुढे कोणी बोलत नसे. नातीने पुढचा चौकोन घेतला.

निघताना दारात बूट घालता घालता व्याह्यांनी मला कारण सांगितलं. त्यांचे पणजोबा एकोणिसाव्या वर्षी नदी ओलांडून अमेरिकेच्या यादवी युद्धात गेले. न्यूयॉर्क राज्याच्या एका इन्फन्ट्री रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि मधेच पळून आले. गावाला ते कळलं. त्यांच्या मुलाला, म्हणजे व्याह्यांच्या आजोबांना, पळपुट्याचा मुलगा म्हणून ऐकून घ्यावं लागलं, आणि त्या माणसाने पुढे घरात वडिलांचं नावच काढू दिलं नाही. चर्चमागच्या दफनभूमीत कडेला कुठेतरी पुरलेत, वर दगड नाही.

परत येताना गाडीत माझ्या मनातून ते जाईना. माझ्या नातीच्याही अंगात त्या माणसाचं रक्त होतं. एकोणीस वर्षांचा पोरगा घाबरून पळाला असेल तर पळाला, पण म्हणून त्याचा चौकोनच नाही?

मी नुकतीच निवृत्त झाले होते. तीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काढल्यामुळे हाताशी वेळ नवा होता आणि काय करायचं ते कळत नव्हतं. मी व्याह्यांना फोन करून विचारलं, मी शोधू का? ते म्हणाले, बहिणीला सांगू नका म्हणजे झालं.

डिसेंबर, जानेवारी मी कॉम्प्युटरपुढे बसून होते. न्यूयॉर्क राज्याच्या त्या युद्धातल्या सैनिकांच्या याद्या आता ऑनलाइन आहेत. त्यात त्यांच्या आडनावाचे बरेच निघाले, पण आमचा एकही नाही. नदीच्या आसपासच्या सगळ्या रेजिमेंट पाहून झाल्या. आमचे हे म्हणाले, "तो गेलाच नसेल. नुसती थाप असेल." मलाही तसं वाटायला लागलं होतं.

एके दिवशी वॉक-इन क्लिनिकमध्ये रिसेप्शनवरच्या मुलीने माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं, तिने ऐकू आलं तसं टाइप केलं, आणि माझी फाइल सापडेना. चाळीस वर्षं हेच चाललंय. पण त्या दिवशी मी खुर्चीत बसल्या बसल्या हसले. व्याह्यांच्या आडनावाची सुरुवात अशा अक्षराने होते, जे लिहितात पण उच्चारत नाहीत. पणजोबांना लिहितावाचता येत नव्हतं, हे व्याह्यांनीच सांगितलं होतं. म्हणजे भरतीच्या टेबलावरच्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तेच लिहिलं असणार.

घरी येऊन पहिलं अक्षर गाळून पाहिलं. शोधलेल्या तिसऱ्याच रेजिमेंटमध्ये ते सापडले. वय एकोणीस, जन्म कॅनडा, धंदा शेतमजुरी, आणि गावाचं नाव बरोबर. मी एकटीनेच किचनमध्ये उभं राहून टाळ्या वाजवल्या.

वॉशिंग्टनच्या अभिलेखागारातून त्यांची फाइल मागवली. ती यायला नऊ आठवडे लागले. व्याही विंटर टायर्स काढायचे राहिलेल्या पिकअपमधून आमच्याकडे आले आणि डायनिंग टेबलवर आम्ही दोघांनी कागद मांडले. दर दोन महिन्यांच्या हजेरीची नोंद होती. हजर. हजर. हजर. आणि मग एका ऑगस्टच्या खाली, 'कूच चालू असताना पळून गेला'. व्याह्यांनी चष्मा काढून ठेवला. "म्हणजे खरंच होतं," एवढंच म्हणाले. मी चहा टाकला, पण तो तसाच निवला.

ते गेल्यावर मी उरलेले कागद पुढे ओढले. त्यातलं एक पान त्यांनी नुसतंच उलटलं होतं, कारण ते वाचता येण्यासारखं नव्हतं. ती एका लष्करी इस्पितळातली नोंद होती, डॉक्टरच्या अक्षरातली. आता डॉक्टरांची अक्षरं लावणं हाच माझा जन्मभराचा उद्योग. लॅटिनमधले तोडके शब्द, औषधाची मात्रा, क्विनाइन, टायफॉइड. वरच्या ओळीत कंपनी, रेजिमेंट, आणि पहिलं अक्षर गाळलेलं तेच आडनाव. तारीख पळून गेल्याच्या नोंदीनंतरची, तिसऱ्या दिवसाची. 'रस्त्याकडेला बेशुद्ध सापडला. दुसऱ्या तुकडीच्या गाडीतून आणला.' अकरा आठवडे तिथेच होते.

पोरगा पळाला नव्हता. तापाने रस्त्यात पडला होता, आणि रेजिमेंट पुढे निघून गेली होती.

मी व्याह्यांना फोन लावला. ते अजून हायवेवर होते. पुढच्या एक्झिटला वळून परत आले.

शेवटची तीन पानं आम्ही मिळून वाचली. म्हातारपणी पणजोबांनी एका वकिलाकडून अर्ज लिहून घेतला होता, त्यावर सहीच्या जागी फुली होती. मागणी एकच, नावावरचा डाग काढावा. पुढच्या पानावर उत्तराची प्रत. चौकशी झाली आहे, इस्पितळाची नोंद सापडली आहे, पळून गेल्याचा आरोप रद्द करून सन्मानाने सेवामुक्त केल्याचं पत्र देण्यात येत आहे. आणि त्यामागे ते मूळ पत्र त्याच्या पाकिटासकट. पाकिटावर चुकीचं आडनाव होतं, आणि खाली गावच्या पोस्टमास्तरने शेरा मारला होता की या नावाचं इथे कोणी नाही. पाकीट परत गेलं. बहुधा न कळताच ते वारले.

व्याही टेबलावर दोन्ही हात ठेवून रडले. मग तोंड धुऊन आले आणि म्हणाले, "आता बहिणीला सांगायचं. तुम्हीच सांगा."

रविवारी आम्ही बाईंच्या घरी गेलो. मी पत्र वाचून दाखवलं. त्या खिडकीकडे बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "पुन्हा वाच." इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण मला ते 'तू'च ऐकू आलं. मी पुन्हा वाचलं. 'सन्मानाने' या शब्दाशी त्यांनी हात वर करून मला थांबवलं, आणि तेवढं वाक्य तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

पुढचं सगळं व्याह्यांनी मनावर घेतलं. चर्चच्या जुन्या वहीतून कबरीची जागा शोधली, अर्ज भरले, आणि दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये सैनिकांचा पांढरा दगड तिथे उभा राहिला. त्यावर आडनाव पूर्ण, पहिल्या अक्षरासकट. कॅलगरीपासून हॅलिफॅक्सपर्यंतचे साठेक नातेवाईक आले. गावचे लोक आले. दगडावरचं कापड काढायला व्याह्यांनी मला पुढे केलं. मी म्हटलं हा तुमचा मान. ते म्हणाले, "तुम्ही त्यांना घरी आणलंत." मग मी पदर खोचला आणि कापड ओढलं. चाळीस वर्षांत या देशात मला इतकं ताठ उभं राहिल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

नंतर चर्चच्या बेसमेंटमध्ये चहाफराळ होता. त्यांचे बटर टार्ट्स, माझे बटाटेवडे. बाईंनी मला जवळ बसवून घेतलं आणि पर्समधून रुमालात गुंडाळलेला तळहाताएवढा, पत्र्यावरचा फोटो काढला. गणवेशातला एक मुलगा, कान जरा पुढे आलेले. त्या दहा वर्षांच्या असताना आजोबांनी तो लाकडाच्या पेटत्या स्टोव्हमध्ये टाकायला त्यांच्या हातात दिला होता. त्यांनी स्टोव्हचं झाकण नुसतंच उघडून आपटलं आणि फोटो फ्रॉकच्या खिशात घातला. सत्तर वर्षं भावालाही दाखवला नव्हता.

"मला का दाखवताय?" मी विचारलं.

"सगळ्यांनाच दाखवणार आहे," त्या म्हणाल्या. "आधी तुला."

मग उठून, काठी न घेता, त्या टेबलाटेबलावरून तो फोटो फिरवत गेल्या.