साडूभाऊंची उजवी सीट

आमचे थोरले साडू आईच्या पोटातून बाहेर आले तेच बहुधा हातात स्टिअरिंग धरून. बाकीची माणसं उजवं-डावं आपल्या हातांवरून ओळखतात; साडूभाऊंच्या लेखी उजवं म्हणजे गाडीतली त्यांची जागा आणि डावं म्हणजे उरलेलं सगळं जग. परवा-परवापर्यंत त्यांनी कुठल्याही चारचाकीच्या डाव्या सीटवर बूड टेकवलेलं नव्हतं, हे मी घृष्णेश्वराच्या पायरीवर हात ठेवून सांगायला तयार आहे. अहो, स्वतःच्या लग्नात हा माणूस मुंडावळ्या कानामागं सारून, सजवलेली जीप स्वतः हाकत मांडवात आला! ठरवलेला ड्रायव्हर बिचारा शेजारी नवरदेवाचा नारळ मांडीवर घेऊन अवघडून बसलेला. बायका आरतीचं ताट घेऊन धावल्या त्या नारळ बघून त्यालाच ओवाळायला. "नवरदेव हिकडं हाय, हिकडं!" असं साडूभाऊंना हॉर्न वाजवून सांगावं लागलं. त्या दिवशी परतताना डाव्या सीटवर ताई बसली, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, ती पुढं पस्तीस-छत्तीस वर्षं तिथंच बसली. वेरूळला जाताना दौलताबाद आलं की ती दर खेपेला हरखून म्हणायची, "अवो, किल्ला बघा की, काय दिसायलाय!" आणि साडूभाऊ दर खेपेला खेकसायचे, "रस्ता बघू का किल्ला बघू?" आम्ही मागं बसून हसायचो.

ती जीप म्हणजे एक प्रकरणच होतं. तिचा स्टार्टर वर्षातले अकरा महिने रुसलेला असायचा आणि इंजिन सिग्नलला बंद पडलं की धक्क्याशिवाय दुसरा इलाज नसायचा. त्यासाठी साडूभाऊंनी घरात नियमच घालून दिला होता. उजवीकडचा बसतो, डावीकडचा आणि मागचे उतरतात. गाडी लागली, म्हणजे सुरू झाली, की ती थांबवायची नाही, उतरलेल्यांनी पळत येऊन चढायचं. ताई ह्यात इतकी तयार झाली होती की इंजिनाचा आवाज थांबायच्या आत तिचा एक पाय रस्त्यावर असायचा. एका हातात पदर, दुसऱ्या हातात पुरणपोळ्यांचा डबा, आणि पाठ लावून धक्का! मी नवा जावई म्हणून पहिल्यांदा पुंडलिकनगरात त्यांच्या घरी जेवायला गेलो, तेव्हा नारळ-टॉवेल मिळायच्या आधी मला जीपचा मागचा पत्रा मिळाला. "पाव्हणं, संकोच करू नका, लावा हात," साडूभाऊ खिडकीतून अत्यंत प्रेमानं म्हणाले होते. पुढच्या पाच मिनिटांत मी घामानं निथळत होतो आणि घरचा झालो होतो.

सहा-सात वर्षांपूर्वी साडूभाऊ चितेगावच्या कारखान्यातून निवृत्त झाले. त्याच सुमारास ताईच्या गुडघ्यांनीही धक्का मारण्यातून निवृत्ती मागितली. तेव्हा कुठं नवी गाडी घ्यायचं ठरलं. घरच्यांना ऐसपैस, रस्त्याला उंच, पण गल्लीत मावेल अशी छोटी डिझेल एसयूव्ही. साडूभाऊंनी काय करावं? टेप घेऊन शहरातला जुना, अरुंद मकाई दरवाजा गाठला! भर दुपारी, दोन्हीकडून रिक्षा थांबवून, दरवाजाची रुंदी मापली. "दरवाजातनं सुखानं जात नाय ती गाडी आपल्या गावात कामाची नाय," हे त्यांचं तत्त्व. मग शोरूममध्ये जाऊन इंजिनावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डॉक्टर छाती तपासतात तसं डोळे मिटून ऐकत राहिले. तिथल्या बाईंनी बिचाऱ्यांनी "ही माइल्ड हायब्रिड आहे सर" असं सुरू केलं, तर ताईला हायब्रिड ज्वारीच आठवली आणि ती म्हणाली, "मग भाकरी कडक होती का?" बाई पुढं सांगायला लागल्या तशी साडूभाऊंनी हात वर केला. "बाई, मी चितेगावला तीस वर्षं मशिनी दुरुस्त केल्यात. मला गाडी शिकवायलात व्हय?" त्यामुळं जे ऐकायला हवं होतं नेमकं तेच आमच्यापैकी कुणीच ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या गाडीला झेंडूचा हार घालून, चाकाखाली लिंबू चिरडून आम्ही चौघं गणपतीला निघालो. साडूभाऊ, ताई, माझी बायको आणि मी. आकाशवाणीच्या सिग्नलला लाल दिवा लागला. साडूभाऊंनी गाडी न्यूट्रलला आणून क्लच सोडला आणि इंजिन गप्प!  मग तीस वर्षांची सवय उसळली. ताईचं दार उघडलं, आमची दारं उघडली, आणि साडूभाऊंनी तोंडातून शब्द काढायच्या आत आम्ही तिघं हार घातलेल्या कोऱ्या करकरीत गाडीच्या पाठीला भिडलो. शेजारचा रिक्षावाला पान चघळायचा थांबला. "चच्चा, नवी गाडी हौर धक्का? तेल डालनाच भूल गए क्या?" तेवढ्यात हिरवा दिवा लागला, साडूभाऊंनी गिअर टाकायला क्लच दाबला, आणि गाडी आपली आपण सुरू! "लागली रे लागली!" असं ओरडत ते नियमाप्रमाणं न थांबता थेट मोंढा नाक्यापर्यंत गेले. आम्ही पूजेचं ताट सांभाळत जालना रोडवरून पळत होतो. ताईच्या गुडघ्यांनी त्या दिवशी काय मनात आणलं असेल ते त्यांनाच ठाऊक.

पण थांबली की डिझेल वाचवायला ही गाडी स्वतःच इंजिन बंद करते आणि क्लच दाबला की स्वतःच सुरू करते, हे तिचं मर्म एकदा का कळलं, आणि साडूभाऊंना जी भरती आली म्हणता! गल्लीत कुणी सापडलं की त्याला बसवून सिग्नलपर्यंत नेलंच. "आता बघा, बंद पडायली... नाय नाय, बंद नाय पडली, दम घ्यायली! आता क्लच दाबला की उठती बघा. उठली का नाय? आहे का आवाज?" गाडी बंद पडली की इतका आनंद होणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. ब्रेक दाबला की वाया जाणारा जोर छोट्या बॅटरीत जमा होतो आणि गाडी उचलताना तीच बॅटरी इंजिनाला मदत करते, हे त्यांनी मला वेरूळच्या घाटात समजावलं. गाडी पोटात गच्च माणसं घेऊनही तिसऱ्या गिअरमध्ये हूं की चूं न करता चढत होती. "पाव्हणं, डिझेल ओढतंय आणि ती बॅटरी मागून हात लावायली. दिसत नाय, पण लावायली. आता तुमची गरज नाय!" खड्ड्यातून गाडी काढली की म्हणायचे, "कळलं का काही? चहा ठेवा डॅशबोर्डवर, सांडला तर नाव बदलतो." ताईनं एकदा खरंच कप ठेवला. चहा सांडला, पण नाव बदललं नाही, त्या चहाच्या डागाला मात्र ते अजून "वळणाचा दोष" म्हणतात.

मग गेल्या वर्षी, गल्लीतून बाहेर पडताना, उजवीकडून आलेला सायकलवाला त्यांना दिसलाच नाही. ब्रेक लागला, कुणाला खरचटलंही नाही. पण साडूभाऊंनी गाडी तशीच मागं घेऊन दारात लावली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतंय, कडेचं गेलंय. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंब घालून जपायचं. आणि गाडी चालवणं बंद. त्यानंतर पंधरा दिवस साडूभाऊ रोज सकाळी अंघोळ करून, भांग पाडून, दारातल्या गाडीत उजवीकडं नुसते बसून राहायचे. मला ते बघवायचं नाही. शेवटी एकदा आम्ही सगळे जेवत असताना म्हणाले, "विकून टाकतो. डावीकडं बसून फिरण्यापरीस घरात बसलेलं बरं." ताईनं वाढता वाढता हात थांबवला. "विकायची नाय," ती म्हणाली. "मी शिकते."

आता ऐका मजा! शिकवायचं तर गुरुजींनी शेजारी बसायला हवं, आणि शेजारी म्हणजे डावीकडं. ते तर प्राण गेला तरी नाही. मग शेजारी लायसन्सवाला माणूस हवा म्हणून तिथं मला कोंबलं, आणि साडूभाऊ खिडकीच्या कडेला हात ठेवून गाडीबरोबर चालत शिकवायला लागले! मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरमध्ये गाडी, उजवीकडं पांढरे बूट घालून दुडक्या चालीनं पळणारे साडूभाऊ. "क्लच हळू सोड... साय काढल्यासारखा... अगं साय, साय! सगळं दूध सांडलंस की!" तिनं दुसरा गिअर टाकला की हे मागं पडायचे आणि लांबून हातवारे करायचे. "तुम्ही आत बसा की," ती म्हणायची. "मला बाहेरूनच इंजिन नीट ऐकू येतंय," हे धापा टाकत. पण ताई शिकली, आणि काय शिकली! पस्तीस-छत्तीस वर्षं डाव्या सीटवर बसून तिनं पायाखालच्या चटईवर इतके ब्रेक दाबले होते की खरा ब्रेक तिला पहिल्या दिवसापासून जमला. पंचावन्नाव्या वर्षी पहिल्या फटक्यात पक्कं लायसन्स घेऊन आली आणि घरात पाऊल टाकताच साडूभाऊंना म्हणाली, "सोमवारी वेरूळला जायचं. आता वेरूळपर्यंत पळत या म्हणजे झालं!"

सोमवारी सकाळी मी आणि बायको मागं बसलो. ताई उजवीकडं. साडूभाऊ गाडीभोवती दोन चकरा मारून आले, टायर दाबून बघितले, काच पुसली. पुसायचं काही उरलं नाही तेव्हा त्यांनी डावं दार उघडलं आणि पाहुण्यांच्या घरच्या कोचावर बसावं तसे अवघडून बसले. बेल्ट कुठल्या बाजूनं ओढायचा हेच त्यांना सापडेना.  सगळ्या रस्त्यात त्यांचा पाय चटईवर ब्रेक दाबत होता. मला ताईचीच काळजी वाटत होती, कारण आज हे मनानं खचले असते तर ती पुन्हा उजव्या सीटवर बसली नसती. गाडी विकायचीच वेळ आली असती.

दौलताबादला रस्ता जुन्या दरवाजातून जातो, एका वेळी एकच गाडी. समोरून बस येत होती म्हणून ताईनं गाडी न्यूट्रलला आणून थांबवली आणि इंजिन गप्प झालं. साडूभाऊंनी बेल्ट सोडला, दार उघडलं आणि खाली उतरले. "दाजी, अवो, ही आपली आपण सुरू होती!" माझी बायको ओरडली. पण ते वळसा घालून मागं गेले आणि दोन्ही हात गाडीच्या पाठीवर ठेवून वाकून उभे राहिले. बस गेली, ताईनं क्लच दाबला, गाडी सुरू होऊन अलगद दरवाजापार झाली. साडूभाऊ मागून धक्का मारत, मग नुसते हात लावत, मग नुसते चालत आले. ताईनं कडेला गाडी घेतली आणि काच खाली केली. "अवो, विसरलात व्हय? ही धक्क्याची नाय!"

"विसरीन कसा?" साडूभाऊ दम खात म्हणाले. "उजवीकडचा बसतो, डावीकडचा उतरतो. नियम माझाच हाय." मग काचेवरची नसलेली धूळ बोटानं पुसत हळू आवाजात म्हणाले, "तीस वर्षं तू उतरलीस. एकदा मला उतरू दे की."

 ताईनं पदरानं डोळे टिपले, इंडिकेटर दिला आणि ते बसेपर्यंत थांबली.  गाडी निघाली. साडूभाऊंनी आता मान पूर्ण वळवली, कारण कडेचं दिसत नाही, आणि डोंगराच्या पायथ्यापासून वरपर्यंत नजर हळूहळू चढवत नेली.

"एवढा मोठा हाय व्हय गं हा किल्ला?"

ताईनं समोरच्या ट्रकवरून नजर काढली नाही. "मला काय विचारता? रस्ता बघू का किल्ला बघू?" आणि गिअर उतरवून, गाडी अगदी सावकाश करत ती म्हणाली, "तुम्हीच सांगा काय काय दिसायलंय ते."

साडूभाऊ सांगू लागले.